फुकटच्या हास्याचा ताळेबंद

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी अभिनेते सतीश शाह यांचे मुंबईत निधन झाले. त्या दिवशी सामान्य प्रेक्षकाने त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सभागृह गाठले नाही, की वृत्तपत्रास पत्र लिहिले नाही. त्याने खिशातला मोबाइल काढला आणि त्यांचे जुने प्रसंग पुन्हा एकदा पाहिले. कोणी ‘जाने भी दो यारो’ या १९८३ च्या चित्रपटातील डिमेलोचे प्रेत पाहिले. कोणी दूरदर्शनवरील १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’ मध्ये दर भागात नवे सोंग घेऊन येणारा इरसाल इसम पाहिला. तर कोणी २००४ साली सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मधील, पोटच्या मुलाच्या कवितांची यथेच्छ टिंगल करणारा इंद्रवदन पाहिला. एक चित्रपट, एक सरकारी दूरचित्रवाणीवरील मालिका आणि एक खाजगी उपग्रह वाहिनीवरील मालिका! तिहींचे निर्माते निराळे, काळ निराळा, पैसा निराळ्या मार्गाने आलेला. परंतु पाहणाऱ्यास त्यांत काही अंतर जाणवले नाही. बोटाच्या एका स्पर्शासरशी तिन्ही त्याच्यासमोर हजर झाली, आणि त्यासाठी त्याने वेगळे पैसे मोजले असेही त्यास वाटले नाही.

ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे कोणाच्या मनात येत नाही. शिक्षक मधल्या सुटीत, कारकून लोकलच्या प्रवासात आणि विद्यार्थी, खरे सांगावयाचे तर, तास चालू असतानाही विनोदी मालिकांचे तुकडे पाहत असतात. श्रमलेल्या माणसाने दहा मिनिटे हसावे यात वावगे काहीच नाही. तथापि ‘फुकट’ हा शब्द कानी पडला की अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने सावध व्हावे, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. या हास्याची किंमत कोण मोजतो? त्याची मालकी कोणाकडे आहे? आणि आज जे सहज मिळते ते उद्याही मिळेल याची हमी कोणी दिली आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास हा विषय दिसतो तितका हलकाफुलका नाही असे ध्यानात येते.

जमेची बाजू

प्रथम जमेची बाजू मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने पडद्यावर अवतरले, तेव्हा त्यांना भेटावयाचे तर ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी संचासमोर हजर राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. घरी संच नसेल तर शेजाऱ्याच्या घरी जावे लागे. पाहुणे आले, वीज गेली किंवा परगावी जावे लागले, तर तो भाग हुकला तो हुकलाच. त्या काळी दुर्मिळ होती ती वेळ. केंद्र एक, वाहिनी एक आणि संध्याकाळचे तास मोजके. त्यांतच बातम्या, शेती, नाटक, संगीत आणि विनोद या सर्वांनी दाटीवाटीने बसावयाचे.

१९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तास वाढले. परंतु अडचण निराळ्या रूपाने कायम राहिली. दूरचित्रवाणीवरील अर्ध्या तासाचा माल रेल्वेच्या बर्थसारखा नाशवंत असतो. गाडी सुटली की रिकामा बर्थ विकता येत नाही. त्याचप्रमाणे त्या अर्ध्या तासात जेवढे प्रेक्षक जमतील तेवढ्यांवरच जाहिरातीचा दर ठरतो. ज्या मालिकेचे चाहते संख्येने थोडे, निरनिराळ्या गावी विखुरलेले आणि सोयीने पाहू इच्छिणारे असतात, तिला या बाजारात स्थान नसते. ‘साराभाई’चे नेमके हेच झाले. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी तिला प्रेक्षकसंख्येचे आकडे बेताचेच मिळाले. परंतु पुढे इंटरनेटवरून ती हळूहळू पसरली, जी मुले त्या वेळी पाळण्यात होती त्यांना तिचे संवाद तोंडपाठ झाले आणि अखेर २०१७ साली तिचा दुसरा अध्याय हॉटस्टारवर काढण्यात आला. एका संध्याकाळी एकत्र न येणारी मागणी दहा वर्षांत थेंबाथेंबाने साचली आणि तिचे तळे झाले. ही किमया नव्या तंत्राची आहे हे नाकारता येणार नाही.

या तंत्राने निर्मात्याचा तोटाच होतो असेही म्हणता येत नाही. ‘मॉन्टी पायथन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश विनोदी मंडळीचे प्रवेश लोक परस्पर यूट्यूबवर चढवीत असत. त्यांच्यामागे वकील लावण्याऐवजी या मंडळीने २००८ च्या नोव्हेंबरात स्वतःच तेथे दुकान थाटले आणि उत्तम प्रतीचे प्रवेश फुकट दाखवावयास आरंभ केला. सोबत, आवडले तर आमच्या चकत्या विकत घ्या, अशी पुस्तीही जोडली. थोड्याच आठवड्यांत त्यांच्या डीव्हीडी अ‍ॅमेझॉनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेल्या आणि विक्री तेवीस हजार टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. मूळ विक्री अल्प असली की टक्केवारी फुगते हे खरे. परंतु फुकट दिलेला घास भूक वाढवितो हा व्यापारातील जुना अनुभव येथेही खरा ठरला, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर विनोद ही अशी वस्तू आहे की एकाने उपभोगल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. भाकरी एकाने खाल्ली की संपते. चिमणराव लाखाने पाहिले तरी लाख-एकाव्यासाठी तेवढेच शिल्लक राहतात. अशा वस्तूचा प्रसार जितका अधिक तितके समाजाचे सुख अधिक. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांतील एखादे प्रहसन नोकरीनिमित्त परराज्यात वा परदेशात राहणारे मराठी कुटुंब जेवणाच्या टेबलावर बसून पाहते आणि तेथे जन्मलेल्या मुलांच्या कानी निदान हसण्यापुरती तरी मराठी पडते, हा लाभ रुपयांत मोजता येण्याजोगा नाही.

किंमत कोण मोजतो?

आता खर्चाची बाजू. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात हिशेब सरळ होता. संचासाठी परवाना घ्यावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. उरलेला भार सरकारी तिजोरी सोशी. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि पुढे प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. म्हणजे प्रेक्षक आधी शुल्काच्या रूपाने, मग कराच्या रूपाने आणि त्यानंतर साबण-टूथपेस्टच्या किमतीत मिसळलेल्या जाहिरातखर्चाच्या रूपाने आपल्या हास्याचे पैसे भरीतच होता. फुकट असे काही तेव्हाही नव्हते.

आजचा हिशेब मोठा आहे आणि तो दृष्टीआड चालतो. २००५ साली जन्मलेली आणि पुढल्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरांचे समभाग देऊन विकत घेतलेली यूट्यूब ही कंपनी २०२४ साली केवळ जाहिरातींतून ३,६०० कोटी डॉलरांहून अधिक मिळवीत होती. लांबीच्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातील शेकडा ५५ वाटा कार्यक्रम करणाऱ्यास मिळतो, शेकडा ४५ कंपनी ठेवते. पानाच्या गादीवर भाडेकरू आणि मालक यांच्यात अशी वाटणी झाली असती तर आपण तिला काय नाव दिले असते, याचा विचार वाचकांनी करावा. अर्थात कंपनीकडे साठवणीचा व प्रक्षेपणाचा खर्च आहे, आणि जुन्या वाहिन्या नवख्या कलावंतास दारातही उभे करीत नसत, हेही तितकेच खरे.

या उलाढालीत प्रेक्षक जे देतो ते म्हणजे त्याचे लक्ष. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच असे प्रतिपादन केले होते की, माहितीची जेथे रेलचेल होते तेथे माणसाच्या अवधानाचे दुर्भिक्ष निर्माण होते. ते भाकीत आता घरोघर अनुभवास येते. २०१५ साली भारतात मोबाइलवरील एका गिगाबाइटसाठी दोनशे रुपयांहून अधिक पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने बाजारात पाऊल ठेवले आणि दोन-तीन वर्षांत तो दर दहा-बारा रुपयांच्या घरात आला. पुढे स्पर्धक कमी झाले, उरलेल्या कंपन्यांची बाजारावरील पकड घट्ट झाली आणि जुलै २०२४ मध्ये तीनही मोठ्या खाजगी कंपन्यांनी आपले दर एकाच सुमारास वाढविले. वाहतुकीचे भाडे घसरले की मालाची आवक वाढते, आणि एकदा सवय जडली की भाडे वाढविता येते, हे व्यापारशास्त्राचे पहिल्या इयत्तेतील धडे येथे आपल्या डोळ्यांदेखत गिरविले गेले.

पैसे देणारा बदलला की मालही बदलतो. जाहिरातदारास हवा असतो तो न हलणारा प्रेक्षक. म्हणून पहिल्या काही सेकंदांत हसविणे हा नव्या विनोदाचा नियम होऊन बसला आहे. लहान विनोद हलका असतो असे मात्र कोणी समजू नये. तमाशातील बतावणीने थोडक्या वेळात मोठमोठ्यांची भंबेरी उडविली आहे, आणि एकाच वाक्यात फडशा पाडणारे वक्ते महाराष्ट्रास नवे नाहीत. परंतु विनोदाची दुसरीही एक जात आहे. चिमणराव हा मध्यमवर्गीय माणूस आपल्याला एका प्रसंगात पुरता हसवीत नाही. त्याचा भित्रेपणा, त्याची बढाई आणि त्याचे मूळचे भलेपण ही ओळखीची होत जातात तसतसे आपण अधिक हसतो, आणि अखेरीस आपणच चिमणराव आहोत हे उमगते. हा विनोद मुरावा लागतो. तुकड्यांच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण. बाजार त्याच्यावर बंदी घालीत नाही. त्याच्या वाट्याला पैसे येऊ देत नाही, एवढेच.

मालक बदलतो, प्रेक्षक तोच

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इंटरनेटवरील चित्रफितींच्या धंद्याचा पाया विनोदावरच घातला गेला, हे आज कित्येकांना आठवतही नसेल. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमातील ‘लेझी संडे’ नावाचे विनोदी गाणे कोणीतरी यूट्यूबवर चढविले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. फेब्रुवारी २००६ मध्ये एनबीसीने ते काढावयास लावले. मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम कंपनीने यूट्यूब व गूगल यांच्यावर शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा लावला. आपल्या मालकीचे दीड लाखांहून अधिक तुकडे परवानगीवाचून दाखविले जातात, अशी तिची तक्रार होती. त्यांत तिच्या ‘कॉमेडी सेंट्रल’ या वाहिनीवरील राजकीय उपहासाचे ‘द डेली शो’सारखे कार्यक्रमही होते. सात वर्षे खटला चालून २०१४ साली उभयतांत तडजोड झाली.

कायद्याने व्हायाकॉमची बाजू लंगडी नव्हती. ज्याचा माल त्याने तो आपल्या दुकानात विकावा, हे कोणीही मान्य करील. कॉमेडी सेंट्रलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘द डेली शो’चे १९९९ पासूनचे प्रवेश नीट लावून ठेवलेले होते. पुढे व्हायाकॉमची पॅरामाउंट कंपनी झाली, कर्ज वाढले, काटकसर सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये त्या कंपनीने हे संपूर्ण भांडार संकेतस्थळावरून उचलून टाकले. तेथे जाणाऱ्यास आमच्या वर्गणीच्या सेवेचे सभासद व्हा अशी सूचना मिळू लागली. परंतु जुने बरेचसे प्रवेश त्या सेवेतही नव्हते. पाव शतकातील अमेरिकी राजकारणावरचे ते विनोदी भाष्य म्हणजे त्या देशाच्या इतिहासाचे साधन होते. जो माल दुसऱ्याने दाखवू नये म्हणून कंपनी सात वर्षे न्यायालयात भांडली, तो दाखविणे तिला स्वतःलाच परवडेनासे झाले! यात बेकायदा काहीही घडले नाही आणि म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे.

असे प्रकार एकट्या पॅरामाउंटचे नव्हेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीने खर्चकपातीच्या मोहिमेत आपल्या एचबीओ मॅक्स या सेवेतून तीसहून अधिक कार्यक्रम काढून टाकले. आणि हा वारा आपल्याकडे वाहत नाही असे समजण्याचे कारण नाही. ज्या ‘साराभाई’चा उल्लेख वर केला ती मालिका स्टार समूहाच्या वाहिनीवर आली, तेव्हा तो समूह रूपर्ट मर्डोक यांच्या साम्राज्याचा भाग होता. मार्च २०१९ मध्ये तो डिस्ने कंपनीकडे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा येथील व्यवसाय आणि रिलायन्सचा प्रसारण-व्यवसाय एकत्र होऊन सूत्रे मुख्यतः रिलायन्सच्या हाती आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोहोंच्या सेवा एकवटून ‘जिओहॉटस्टार’ झाली. सहा वर्षांत ग्रंथालयाचे दोनदा खरेदीखत झाले, परंतु वाचकास त्याची वार्ताही नव्हती. उद्या या मालकाच्या हिशेबनीसास एखादी जुनी मालिका साठविण्यापेक्षा काढून टाकणे स्वस्त वाटले, तर त्यास अडविणारे कलम आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

पुसलेल्या फिती

खाजगी कंपनीच तेवढी विस्मरणशील असते आणि सार्वजनिक संस्था आपला ठेवा जपून ठेवते, असेही इतिहास सांगत नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित केले. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाचे कित्येक भाग अशाच रीतीने नष्ट झाले. ते पुसू नयेत म्हणून आपण खर्च देऊ असे कुक यांनी सुचवूनही उपयोग झाला नाही. ‘डॅड्स आर्मी’ ही ब्रिटिशांची अत्यंत लाडकी मालिका. तिच्या ऐंशी भागांपैकी १९६९ सालचे तीन भाग अद्याप सापडलेले नाहीत.

हा निर्णय घेणारे अधिकारी मूर्ख नव्हते. फीत महाग होती, साठवणीस जागा लागे, पुनःप्रक्षेपणावर कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांची बंधने होती आणि घरबसल्या जुना कार्यक्रम पाहण्याची सोय कोणाच्या स्वप्नातही नव्हती. त्या दिवसाच्या जमाखर्चात पुसलेली फीत ही बचत होती. चूक होती ती जमाखर्चाच्या पद्धतीत. पुढल्या पिढीची मागणी आजच्या बाजारात बोली लावू शकत नाही, म्हणून आजच्या ताळेबंदात तिला रकानाच नसतो. अर्थशास्त्रज्ञ जंगल आणि भूजल यांच्या बाबतीत हा दोष कंठशोष करून सांगत आले आहेत. स्मृतीच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे.

आपल्या घरचे चित्र काही निराळे नाही. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दोन दशकांतील मराठी कार्यक्रम आज पाहू म्हटले तर मोजकेच हाती लागतात. चिमणरावाचेही थोडेच भाग पाहावयास मिळतात. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील काही जुने कार्यक्रम यूट्यूबवर ठेवले आहेत आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ ही स्वतःची सेवाही सुरू केली, हे प्रशंसनीय आहे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’, ‘सर्कस’ यांसारख्या जुन्या मालिका पुन्हा दाखविल्या, तेव्हा या शिळ्या म्हटलेल्या मालास किती मागणी आहे हेही सिद्ध झाले. परंतु उरलेली पोकळी कोणी भरून काढली? ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरच्या व्हीसीआरवर कार्यक्रम मुद्रित केले, बुरशी लागलेल्या कॅसेटी जपल्या आणि पुढे त्या पदरमोड करून इंटरनेटवर चढविल्या, अशा नाव नसलेल्या हौशी लोकांनी! चित्र अंधुक, आवाज घोगरा, मध्येच जुन्या जाहिराती. तरीही तोच आपला पुराभिलेखागार. आणि कायद्याच्या दृष्टीने हे जतनकर्ते अपराधी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट व तत्सम कृतींचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतात. म्हणजे १९७७ साली प्रथम दाखविलेला कार्यक्रम २०३७ साल संपेपर्यंत कोणासही परवानगीवाचून दाखविता येणार नाही. मग मूळ संस्थेजवळ त्याची फीत उरलेली असो वा नसो.

करावे काय?

रोग सांगून वैद्याने उठून जाऊ नये, म्हणून उपायाविषयी दोन शब्द. पुस्तकांच्या बाबतीत आपण हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी सोडविला आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि इतर तीन ग्रंथालयांस विनामूल्य द्यावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. तेथे प्रत गेल्याने लेखकाचा हक्क जात नाही, प्रकाशकाची विक्री थांबत नाही. पुस्तक मात्र प्रकाशकाचे दुकान बंद झाले तरी उरते. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मग दूरचित्रवाणीने काय पाप केले आहे? ज्या माध्यमाने गेली पन्नास वर्षे मराठी घराची संध्याकाळ घडविली, त्याची प्रत कोठेही जमा करण्याची सक्ती नाही.

हा विचार अव्यवहार्य नाही. फ्रान्समध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या जतनासाठी १९७५ पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. १९९२ च्या कायद्याने तेथे प्रसारित कार्यक्रमांची प्रत जमा करणे बंधनकारक झाले, आणि २००६ साली त्या संस्थेने सुमारे एक लाख जुने कार्यक्रम इंटरनेटवरून जनतेस खुले केले. कलावंतांचे हक्क, वारसांचा मोबदला, साठवणीचा खर्च या अडचणी त्यांनाही होत्या. त्यांवर त्यांनी वाटाघाटीने मार्ग काढला.

आपल्याकडे तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, १९५४ च्या कायद्याच्या धर्तीवर वाहिन्यांनी आणि ओटीटी सेवांनी आपल्या मालिकांची एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करावी. ती लगेच सर्वांस खुली करण्याची गरज नाही, नष्ट होऊ नये एवढेच पुरे. दुसरी, जे कार्यक्रम जनतेच्या पैशाने निर्माण झाले, त्यांचा पूर्ण सूचिग्रंथ प्रसार भारतीने प्रसिद्ध करावा. काय शिल्लक आहे आणि काय पुसले गेले, हे जाणण्याचा करदात्यास अधिकार आहे. तिसरी, ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांना कायद्याचे अभय देऊन त्या जमा करण्याचे आवाहन करावे. बीबीसीने असे आवाहन केले तेव्हा लोकांच्या माळ्यांवरून हरवलेले भाग परत आले होते.

खर्च येईल, हे उघड आहे. ज्या देशात शाळांना छप्पर नाही तेथे विनोदी मालिका जपण्यास पैसा का घालवावा, असा आक्षेपही येईल, आणि शिक्षकांकडून आला तर तो मला समजेल. परंतु साठवणीचा खर्च वर्षानुवर्षे घटत आला आहे, आणि सेवांच्या जाहिरात व वर्गणी-उत्पन्नावरील अल्पशा उपकरातून तो भागविणे अशक्य नाही. चोरून चित्रफिती चढविणाऱ्यांना यामुळे उत्तेजन मिळेल हा दुसरा आक्षेपही टिकणारा नाही. अधिकृत दुकानात माल मिळेनासा झाला की चोरबाजार भरतो, हे रेशनच्या काळापासून आपण पाहत आलो आहोत.

एखादा समाज कशास पूज्य मानीत होता हे त्याच्या स्मारकांवरून कळते. तो कशास हसत होता हे कळले तर तो खरोखर कसा जगत होता ते समजते. १९७७ सालच्या मध्यमवर्गाची भाडी, पगार, लग्ने, वरिष्ठांची भीती आणि शेजाऱ्यांचा हेवा ही सरकारी अहवालांत सापडणार नाहीत. ती चिमणरावाच्या घरात सापडतील. आज मोबाइलवर हसून पुढे सरकविलेला तुकडा हा आपल्या नातवंडांचा दस्तऐवज आहे. तो आपण पाहत आहोत तोवर आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो मालकाच्या मर्जीने आहे, आणि मालकास नातवंडांचा पत्ता ठाऊक नाही.